सोसायटीच्या पंपाचं झाड: होमीमध्ये नोड आणि प्रॉपर्टी कशा मांडाव्यात

वाय-फायवरून पंप चालू-बंद करणारा कोड ईएसपी३२ या छोट्या बोर्डावर लिहिणं आता कॉलेजातली पोरंही करतात. गाडं अडतं ते त्यानंतर. सेक्रेटरींच्या मोबाइलवरचं अ‍ॅप ‘ऑन’ पाठवतं आणि बोर्डाला हवा असतो ‘१’. गच्चीवरचा सेन्सर सेंटिमीटर सांगतो आणि डॅशबोर्ड ते टक्के समजून दाखवतो. ज्यानं सगळं जोडलं तो नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला, की कुठल्या टॉपिकवर, म्हणजे निरोपाच्या पत्त्यावर, काय येतं हे सांगायला कुणी उरत नाही.

यात एमक्यूटीटीचा, म्हणजे ही उपकरणं ज्या पद्धतीनं निरोप धाडतात तिचा, दोष नाही. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनवलं. महागड्या, तुटक्या जोडणीवरून मोजके बाइट पोचवणं हे त्याचं काम. टॉपिकला नाव काय द्यायचं आणि निरोपात काय लिहायचं, याबद्दल ते मुद्दाम काहीच बोलत नाही. ती रिकामी जागा होमी भरते. मार्व्हिन रोजर यांनी ईएसपी८२६६ वरच्या कामातून सुरू केलेला हा खुला संकेत. एमक्यूटीटीच्या टॉपिकांचं एक ठरावीक झाड करायचं आणि प्रत्येक उपकरणानं आपली ओळख त्या झाडातच लिहून ठेवायची, एवढंच त्याचं म्हणणं.

खाली तळमजल्यावरचा हौद, गच्चीवरची टाकी आणि मधला पंप घेऊन हे झाड पायरीपायरीनं उभं करू. मांडणी होमीच्या चौथ्या आवृत्तीची आहे. पाचवीत काय बदललं ते पुढे येईलच. एक लक्षात ठेवा: टॉपिक, आयडी, आज्ञा आणि ठरीव शब्द यंत्रात रोमन लिपीतच टाकायचे असतात. इथे ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत.

## झाडाचे तीन मजले

होमीचं झाड खोल नसतं. मुळाशी ‘होमी’ हा शब्द, त्याखाली डिव्हाइस, डिव्हाइसखाली नोड, नोडखाली प्रॉपर्टी. संपलं.

    होमी/पाणी-१/पंप/चालू

इथे ‘पाणी-१’ हे डिव्हाइस, ‘पंप’ हा नोड आणि ‘चालू’ ही प्रॉपर्टी. या टॉपिकवर ‘ट्रू’ असेल तर पंप चालू आहे, ‘फॉल्स’ असेल तर बंद. व्हॅल्यू फक्त प्रॉपर्टीवर राहते. नोडला स्वतःची व्हॅल्यू नसते, तो नुसता गठ्ठा बांधतो.

डॉलरच्या चिन्हानं सुरू होणारे टॉपिक म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, थोडक्यात त्या फांदीची ओळखपाळख. ‘होमी/पाणी-१/$स्टेट’ वर डिव्हाइस जिवंत आहे का ते कळतं, ‘होमी/पाणी-१/$नोड्स’ वर त्याच्या नोडांची यादी मिळते.

आयडींना नियम कडक आहेत: लहान रोमन अक्षरं, अंक आणि मधे जोडरेघ. सुरुवातीला किंवा शेवटी जोडरेघ चालत नाही. मात्र ‘$नेम’ या अ‍ॅट्रिब्यूटला असं बंधन नाही. तिथे यूटीएफ-८ मधलं काहीही चालतं, म्हणजे मराठीही. वॉचमनच्या फोनवर ‘गच्चीची टाकी’ असं दिसायला हवं असेल तर ते इथे लिहायचं. ही सोय वापराच. रात्री दोन वाजता ‘टँक टू लेव्हल’चा अर्थ लावत बसायची पाळी कुणावर येऊ नये.

## आधी कागद, मग कोड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. झाड एकदा ब्रोकरवर, म्हणजे सगळे निरोप घेऊन वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरवर, गेलं आणि त्याला डॅशबोर्ड, अ‍ॅप, सूचना लटकल्या, की नाव बदलणं जिवावर येतं.

पहिला प्रश्न: डिव्हाइस किती? सोपी कसोटी अशी की ‘$स्टेट’ फक्त डिव्हाइसला असतो, नोडला नसतो. ‘$स्टेट’ सांगतो ब्रोकरशी असलेल्या जोडणीबद्दल. त्यामुळे जे एकाच जोडणीवर बोलतं ते एक डिव्हाइस. गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर खालच्याच बोर्डाला लांब केबलनं जोडला असेल तर तो त्याच डिव्हाइसचा नोड. गच्चीवर वेगळा बोर्ड, वेगळा अ‍ॅडॉप्टर असेल तर ते वेगळं डिव्हाइस, भले डोक्यात तुम्ही सगळ्याला ‘पाणी’च म्हणत असाल. पाच आणि सात मजली इमारतींत मी दुसरी पद्धतच पसंत करतो. लांब केबल पावसाळ्यात त्रास देते, आणि गच्चीवरचा बोर्ड मेला तर तो मेल्याचं झाडात आपोआप दिसतं.

आपल्या उदाहरणात मात्र एकच बोर्ड धरू, म्हणजे झाड एका नजरेत बसेल. यात बूलियन म्हणजे हो-नाही, एनम म्हणजे ठरीव पर्यायांपैकी एक, फ्लोट म्हणजे दशांश आकडा, सेटेबल म्हणजे बाहेरून बदलता येणारी प्रॉपर्टी आणि रिटेन म्हणजे शेवटची व्हॅल्यू ब्रोकरवर जपणं.

    पाणी-१
      हौद
        पातळी   पूर्णांक, ०:१००, टक्के
      टाकी
        पातळी   पूर्णांक, ०:१००, टक्के
      पंप
        चालू    बूलियन, सेटेबल
        मोड     एनम: आपोआप,हाताने, सेटेबल
        करंट    फ्लोट, अँपिअर
        दोष     एनम: नाही,कोरडा,ओव्हरलोड,सेन्सर
        रीसेट   एनम: रीसेट, सेटेबल, रिटेन नाही

दुसरा प्रश्न: नोड कुठे तोडायचा? बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू म्हणजे नोड. हौद दाखवता येतो, टाकी दाखवता येते, पंप दाखवता येतो. ‘सेटिंग्ज’ किंवा ‘इतर’ नावाचा नोड काढावासा वाटला तर थांबा. त्या नोडात सहा महिन्यांत अडगळ भरते. मोड हा पंपाचा आहे, तो पंपाखालीच शोभतो.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: ही गोष्ट प्रॉपर्टी व्हायला हवी का? सेन्सरनं मोजलेलं कच्चं अंतर, वाय-फायचा जोर, मोकळी मेमरी हे सगळं झाडावर टांगता येतं. पण झाड दुसऱ्यांनी वाचायचं असतं. ज्या व्हॅल्यूवरून बाहेरचं कुणी निर्णय घेणार नाही, ती झाडावर नको. बोर्डाच्या तब्येतीसाठी होमीत वेगळं एक्स्टेन्शन आहे.

‘हौद’ आणि ‘टाकी’ दोघांखाली ‘पातळी’ हेच नाव आहे ते जाणूनबुजून. पूर्ण वाट वेगळी असल्यामुळे गोंधळ होत नाही, आणि ‘होमी/+/+/पातळी’ (+ म्हणजे त्या जागी काहीही) एवढं सबस्क्राइब केलं, म्हणजे ब्रोकरकडे मागून ठेवलं, की अख्ख्या संकुलातल्या सगळ्या पातळ्या एका ओळीत मिळतात. त्यासाठीच नावं सर्वत्र सारखी ठेवायची.

## प्रॉपर्टीला काय काय लागतं

प्रत्येक प्रॉपर्टीला ‘$नेम’ आणि ‘$डेटाटाइप’ हवेच. एनम असेल तर ‘$फॉरमॅट’ सक्तीचं, त्यात पर्याय स्वल्पविरामानं जोडून लिहायचे. स्वल्पविरामानंतर सवयीनं स्पेस टाकू नका, ती स्पेस पुढच्या पर्यायाचा भाग होऊन बसते. आकड्यांसाठी ‘$फॉरमॅट’ मध्ये मर्यादा देता येते, जसं ०:१००. ‘$युनिट’ ऐच्छिक आहे, पण देऊन टाका. टक्के, अँपिअर, लिटर, व्होल्ट, वॉट अशा नेहमीच्या एककांची ठरीव चिन्हं होमीनंच सुचवली आहेत, ती वापरा.

मग उरतात दोन छोटे पण वजनदार अ‍ॅट्रिब्यूट. ‘$सेटेबल’ लिहिलं नाही तर ‘फॉल्स’ धरलं जातं, ‘$रिटेन्ड’ लिहिलं नाही तर ‘ट्रू’. म्हणजे मूळ स्वभाव असा: प्रॉपर्टी बाहेरून बदलता येत नाही आणि शेवटची व्हॅल्यू ब्रोकरवर जपून ठेवली जाते. आपल्या झाडातली ‘रीसेट’ ही प्रॉपर्टी वेगळी आहे. ती स्थिती नाही, क्षणाची घटना आहे. दारावरची घंटा, बटण दाबणं, रीसेट, असल्या गोष्टींना ‘$रिटेन्ड’ स्पष्टपणे ‘फॉल्स’ करायचं. नाहीतर उद्या जोडल्या जाणाऱ्या अ‍ॅपला कालचं रीसेट आत्ताच झालंय असं वाटेल.

बूलियनबद्दल एकच: ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’, दोन्ही लहान रोमन अक्षरांत. मोठं पहिलं अक्षर, ‘१’, ‘ऑन’, ‘येस’ यांपैकी काही चालत नाही. पायथनमधून बूलियन सरळ स्ट्रिंग केली तर पहिलं अक्षर मोठं येतं. चूक छोटी, पण डोकं खाते.

## ब्रोकर

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मॉस्क्विटो हा ब्रोकर टाका, सोसायटीपुरतं तेवढं पुष्कळ झालं. मॉस्क्विटोच्या २.० पासून पुढच्या आवृत्त्या कॉन्फिग दिलं नाही तर फक्त त्याच मशीनवरून जोडू देतात. जुने लेख वाचून बसलेले लोक इथेच अडकतात. कॉन्फिगमध्ये लिसनर १८८३ पोर्टवर उघडा, निनावी प्रवेश बंद करा आणि पासवर्ड फाइलचा रस्ता द्या. पासवर्ड फाइल बनवणाऱ्या आज्ञेला ‘-सी’ दिलं की ती नवी फाइल तयार करते आणि आधीची पुसते. म्हणून पहिला युजर जोडताना ‘-सी’ द्या, दुसऱ्यापासून नको.

तीन युजर पुरतात. बोर्डाला ‘होमी/पाणी-१/#’ वर (# म्हणजे त्याखालचं सगळं) लिहिण्या-वाचण्याचा हक्क. सेक्रेटरींच्या अ‍ॅपला ‘होमी/#’ वाचण्याचा आणि ‘होमी/+/+/+/सेट’ वर लिहिण्याचा. वॉचमनच्या फोनला नुसतं वाचण्याचा. झाडाला ठरीव आकार असल्याचा फायदा इथे पहिल्यांदा खिशात पडतो: नव्या इमारतीचा पंप जोडला तरी हक्कांच्या फाइलीत अ‍ॅपसाठी एकही ओळ वाढत नाही. इंटरनेटवरून जोडायचं असेल तर १८८३ राउटरवर उघडू नका. टीएलएस लावून ८८८३ वापरा किंवा व्हीपीएन घ्या.

## जोडल्यावर बोर्डानं काय क्रमानं बोलायचं

क्रम चुकला तर सगळं दिसतं, पण अधूनमधून विचित्र वागतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जोडतानाच, म्हणजे कनेक्टच्या विनंतीतच, ‘लास्ट विल’, म्हणजे बोर्ड अचानक गेला तर ब्रोकरनं त्याच्या वतीनं द्यायचा निरोप, नोंदवायचं: टॉपिक ‘होमी/पाणी-१/$स्टेट’, मजकूर ‘लॉस्ट’, रिटेन चालू. नंतर हे जोडता येत नाही. जोडणी झाली की लगेच त्याच टॉपिकवर ‘इनिट’ पाठवा. याचा अर्थ मी आलोय, पण माझी माहिती अजून अपुरी आहे. मग डिव्हाइसची ओळख: ‘$होमी’ वर आवृत्ती, ‘$नेम’, ‘$एक्स्टेन्शन्स’, ‘$नोड्स’ वर ‘हौद,टाकी,पंप’. त्यानंतर प्रत्येक नोडचं ‘$नेम’, ‘$टाइप’ आणि ‘$प्रॉपर्टीज’. त्याखाली प्रत्येक प्रॉपर्टीचे अ‍ॅट्रिब्यूट. मग प्रॉपर्टींच्या आत्ताच्या व्हॅल्यू. मग ‘होमी/पाणी-१/+/+/सेट’ ला सबस्क्राइब. आणि सगळ्यात शेवटी ‘$स्टेट’ वर ‘रेडी’.

‘सेट’ प्रकारचे टॉपिक आणि रिटेन बंद केलेल्या प्रॉपर्टी सोडल्या तर सगळे निरोप रिटेन करून पाठवायचे. क्यूओएस म्हणजे निरोप पोचवण्याची हमी. जपून ठेवायच्या निरोपांसाठी होमी ० पेक्षा वरचा क्यूओएस सुचवते. आर्डुइनोवरची लोकप्रिय पबसबक्लायंट लायब्ररी मात्र फक्त क्यूओएस ० नं पाठवते. घरच्या वाय-फायवर त्यानं काम अडत नाही, पण ते माहीत असू द्या. याच लायब्ररीचा बफर मुळात २५६ बाइटांचा आहे आणि मोठा निरोप ती गुपचूप टाकून देते. पब्लिश फंक्शन ‘फॉल्स’ परत देतं, पण ते कोण तपासतंय? तुम्ही तपासा.

‘$एक्स्टेन्शन्स’ रिकामं असेल तर एक गंमत होते. एमक्यूटीटीत रिकामा रिटेन निरोप म्हणजे ‘साठवलेलं पुसून टाक’. त्यामुळे रिकामं पाठवलेलं अ‍ॅट्रिब्यूट नंतर येणाऱ्याला दिसतच नाही. स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे झाड वाचून आज्ञा देणारा प्रोग्राम, लिहीत असाल तर या अ‍ॅट्रिब्यूटची वाट बघत बसू नका.

आता खात्री करा. लॅपटॉपवरून मॉस्क्विटोच्या ‘सब’ आज्ञेला ‘-व्ही’ देऊन ‘होमी/#’ ऐका. असं काहीसं दिसायला हवं:

    होमी/पाणी-१/$स्टेट रेडी
    होमी/पाणी-१/$नेम बी विंग पाणी
    होमी/पाणी-१/$नोड्स हौद,टाकी,पंप
    होमी/पाणी-१/टाकी/$नेम गच्चीची टाकी
    होमी/पाणी-१/टाकी/$प्रॉपर्टीज पातळी
    होमी/पाणी-१/टाकी/पातळी/$डेटाटाइप इंटिजर
    होमी/पाणी-१/टाकी/पातळी/$फॉरमॅट ०:१००
    होमी/पाणी-१/टाकी/पातळी ७०

ऐकणं बंद करून पुन्हा सुरू केलं तरी हेच सगळं ताबडतोब आलं पाहिजे. नाही आलं तर कुठेतरी रिटेन करायचं राहून गेलंय.

## पातळी: आकडा झाडावर चढण्याआधी

टाकीवर लावायला पाण्यापासून बचाव असलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी, सहज मिळतो. त्याला जवळचं दिसत नाही. साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर तो भलतंच सांगतो. म्हणून तो भरलेल्या टाकीच्या पाण्यापासून किमान २५ सेंटिमीटर वर बसवायचा. पाण्याची पूर्ण उंची १५० सेंटिमीटर धरली तर भरलेल्या टाकीत अंतर २५ आणि रिकाम्या टाकीत १७५. टक्के काढायचे तर १७५ मधून मोजलेलं अंतर वजा करा, १५० नं भागा, १०० नं गुणा. अंतर ७० आलं तर पातळी ७० टक्के, योगायोगानं. सेन्सर ५ व्होल्टवर चालवत असाल तर त्याचा इको सिग्नल ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टच्या पिनला थेट देऊ नका, दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर मधे घाला.

प्रतिध्वनी परत आलाच नाही तर बऱ्याच लायब्ररी ० देतात. सूत्रात ० घातला की ११७ टक्के निघतात. अशी व्हॅल्यू झाडावर जाता कामा नये, कारण ‘$फॉरमॅट’ मध्ये तुम्ही १०० पर्यंतच कबूल केलंय. ती कापून १०० करणं तर आणखी वाईट: सेन्सर मेलाय आणि झाड सांगतंय टाकी फुल्ल. अशा वेळी पातळी आहे तशी राहू द्या, ‘दोष’ वर ‘सेन्सर’ लिहा आणि ‘$स्टेट’ ला ‘अलर्ट’ करा. जोडणी शाबूत आहे पण माणसानं येऊन बघायला हवं, यासाठीच ही स्टेट आहे.

पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो. पाच मोजमापांतलं मधलं घ्या आणि किमान एक टक्का फरक पडला तरच पाठवा.

## सेट म्हणजे अर्ज, प्रॉपर्टी म्हणजे नोंद

होमीतलं एकच तत्त्व लक्षात ठेवायचं असेल तर हे. पंप चालू करायचा म्हणून कंट्रोलर ‘होमी/पाणी-१/पंप/चालू’ वर लिहीत नाही. तो ‘होमी/पाणी-१/पंप/चालू/सेट’ वर ‘ट्रू’ पाठवतो. ‘चालू’ या टॉपिकवर लिहिण्याचा हक्क फक्त डिव्हाइसचा. तलाठ्याकडे अर्ज दिला म्हणून सातबारा बदलत नाही, फेरफार मंजूर झाल्यावर बदलतो, तसंच.

बरीच तयार उदाहरणं ‘सेट’ आला की तोच मजकूर लगेच प्रॉपर्टीवर परत पाठवून मोकळी होतात. दिव्यासाठी ठीक आहे. पंपासाठी ते खोटं बोलणं आहे. बोर्डानं रिले, म्हणजे छोटा विजेचा स्विच, ओढला याचा अर्थ मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच, कॉन्टॅक्टर, लागला असा होत नाही, कॉन्टॅक्टर लागला म्हणून मोटर फिरली असं नाही, आणि मोटर फिरली म्हणून पाणी चढतंय असंही नाही.

म्हणून ‘सेट’ हाताळताना असं करा. मजकूर तंतोतंत ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ आहे का बघा, बाकी सगळं फेकून द्या. ‘ट्रू’ असेल तर हौदाची पातळी पुरेशी आहे का, ‘दोष’ वर ‘नाही’ आहे का, टाकी आधीच भरलेली नाही ना, हे तपासा. अट मोडत असेल तर काहीही न करता ‘चालू’ वर पुन्हा ‘फॉल्स’ पाठवा, म्हणजे अ‍ॅपवर आशेनं सरकवलेलं बटण परत मागे येईल. सगळं ठीक असेल तर रिले ओढा, दोन-तीन सेकंद थांबा आणि करंट ट्रान्सफॉर्मरवरून मोटरचा करंट वाचा. करंट दिसला की मगच ‘चालू’ वर ‘ट्रू’. करंट नेहमीपेक्षा फार कमी असेल तर पंप बहुधा कोरडा फिरतोय: रिले सोडा, ‘चालू’ ‘फॉल्स’, ‘दोष’ ‘कोरडा’. नेहमीचा करंट किती हे आधी दोन-चार दिवस नुसतं मोजून ठरवा. मोटरच्या पाटीवरचा आकडा पूर्ण भाराचा असतो, तुमच्या पाइपाचा नव्हे.

मधल्या त्या तीन सेकंदांत अ‍ॅपला काय दाखवायचं, हा प्रश्न रास्त आहे. ‘चालू’ बूलियनऐवजी एनम करून ‘थांबलेला, सुरू होतोय, चालू’ असे पर्याय देता येतात. मी बूलियनच ठेवतो. तीन सेकंद थांबायला लोकांची हरकत नसते, आणि अ‍ॅपमध्ये बूलियनला आयतं बटण मिळतं.

आता धोक्याची गोष्ट. ‘सेट’ चा निरोप कधीही रिटेन करायचा नाही. कुणी चाचणी करताना निरोप पाठवणाऱ्या ‘पब’ आज्ञेला ‘-आर’ दिलं, तर ‘ट्रू’ ब्रोकरवर चिकटून बसतो. पुढे लोडशेडिंग होऊन वीज परत आली, बोर्ड जोडला गेला, त्यानं ‘सेट’ ला सबस्क्राइब केलं, की ब्रोकर तो जुना ‘ट्रू’ त्याच्या हातात देतो आणि पंप आपोआप सुरू होतो. पबसबक्लायंटच्या कॉलबॅकमध्ये निरोप रिटेन आहे की ताजा हे कळतच नाही. त्यावर उपाय म्हणजे सबस्क्राइब केल्यावर पहिले काही सेकंद आलेले सगळे ‘सेट’ दुर्लक्षित करणं. ज्या लायब्ररी रिटेनचा झेंडा दाखवतात, जसं ईएसपी-आयडीएफ मधली, तिथे झेंडा बघून निरोप फेकायचा. शिवाय बोर्डाचं सेशन नेहमी क्लीन ठेवा, म्हणजे तो बंद असताना क्यूओएस १ नं आलेले अर्ज ब्रोकर त्याच्यासाठी राखून ठेवणार नाही. अर्ध्या तासापूर्वीची इच्छा आत्ता पूर्ण होऊन उपयोग नाही.

आणि तारांबद्दल. बोर्डावरच्या निळ्या छोट्या रिलेनं मोटर थेट चालवू नका. त्यानं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल हाताळायची. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आहे तसा राहू द्या आणि टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, कॉइलच्या सर्किटमध्ये तारेनंच सिरीजला असू द्या. बोर्ड हँग झाला, वाय-फाय गेलं, ब्रोकर झोपला, तरी टाकी भरल्यावर पंप थांबलाच पाहिजे. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

## शिळी व्हॅल्यू

रिटेनचा फायदा हाच त्याचा सापळा. गच्चीतल्या टाकीची पातळी ७० ही ब्रोकरवर बसलेली आहे. बोर्ड काल दुपारीच जळाला असेल, तरीही ती ७०च राहते. डॅशबोर्ड हिरवागार, आणि सकाळी नळाला पाणी नाही.

‘लास्ट विल’ यासाठी असतं. बोर्ड अचानक गेला तर ब्रोकर कीप-अलाइव्हच्या, म्हणजे बोर्डानं दर इतक्या वेळात हाक द्यायची त्या मुदतीच्या, दीडपट वेळ वाट बघतो आणि मग त्याच्या वतीनं ‘$स्टेट’ वर ‘लॉस्ट’ लिहितो. कीप-अलाइव्ह १५ सेकंद असेल तर साधारण २२-२३ सेकंदांत कळतं. पण वाचणाऱ्यानं बघायला तर हवं. कंट्रोलर, डॅशबोर्ड, सूचना देणारा स्क्रिप्ट, यांतलं जे काही प्रॉपर्टी वाचतं त्यानं त्या डिव्हाइसचा ‘$स्टेट’ ही वाचलाच पाहिजे. ‘रेडी’ किंवा ‘अलर्ट’ नसेल तर आकडा करडा करा किंवा झाका.

मुद्दाम बंद करताना मात्र ‘विल’ कामाला येत नाही. नीट निरोप घेऊन जाणाऱ्याचं ‘विल’ ब्रोकर फाडून टाकतो. म्हणून फर्मवेअर अपडेटच्या आधी बोर्डानं स्वतः ‘$स्टेट’ वर ‘डिस्कनेक्टेड’ लिहून मगच जोडणी सोडायची.

## झाड छाटताना

‘हौद’ नोडचं नाव बदलून ‘खालचा-हौद’ केलंत, नवा कोड चढवला. ब्रोकरवर आता दोन्ही आहेत. ‘$नोड्स’ मध्ये जुना नसला तरी त्याचे रिटेन टॉपिक तसेच लोंबत राहतात, आणि ‘होमी/+/+/पातळी’ ऐकणाऱ्याला भुताचा हौद दिसत राहतो. प्रत्येक जुन्या टॉपिकवर रिकामा रिटेन निरोप पाठवून तो पुसावा लागतो. ‘पब’ ला ‘-आर’ आणि ‘-एन’ एकत्र दिलं की हे होतं. टॉपिक बरेच असतील तर ‘सब’ मध्येच रिटेन काढून टाकण्याचा पर्याय आहे, पण त्याला वाट देताना हात थरथरू द्या. ‘होमी/#’ दिलंत तर अख्खं झाड जाईल. बदल करताना आधी ‘$स्टेट’ ‘इनिट’ करा, मग अ‍ॅट्रिब्यूट बदला, मग ‘रेडी’.

## पाचव्या आवृत्तीत

तिथे आवृत्ती टॉपिकातच आली आहे, ‘होमी/५/पाणी-१/...’ अशी, आणि विखुरलेल्या अ‍ॅट्रिब्यूटऐवजी सगळी ओळख ‘$डिस्क्रिप्शन’ नावाच्या एकाच जेसन निरोपात जाते. नोड आणि प्रॉपर्टीची कल्पना तीच. एका डिव्हाइसखाली पोटडिव्हाइस ठेवता येतात, ‘अलर्ट’ ही स्टेट जाऊन त्यासाठी वेगळा ‘$अलर्ट’ टॉपिक आलाय, आणि पंपाच्या त्या तीन सेकंदांसाठी ‘$टार्गेट’ मिळालाय: अर्ज मान्य झालाय, तिकडे चाललोय, अजून पोचलो नाही. आपलं पंपाचं झाड जेसनमध्ये लिहिलं तर २५६ बाइट सहज ओलांडतं, तेव्हा बफर आधी वाढवा.

नव्यानं सुरू करत असाल आणि कंट्रोलर तुमचाच असेल तर थेट पाचवी घ्या. तयार सॉफ्टवेअरवर अवलंबून असाल तर आधी त्याला कोणती आवृत्ती कळते ते पाहा. ओपनहॅब या घर-ऑटोमेशन सॉफ्टवेअरच्या एमक्यूटीटी बाइंडिंगला होमी समजते. होम असिस्टंटची एमक्यूटीटी डिस्कव्हरी ही वेगळीच भाषा आहे, तिथे मधे दुभाषा स्क्रिप्ट लागतो.

## सोपवण्याआधीच्या चाचण्या

पंप चालू असताना बोर्डाची वीज काढा. रिले सुटून पंप थांबला का, आणि अर्ध्या मिनिटात ‘$स्टेट’ ‘लॉस्ट’ झाला का? वीज परत द्या. ‘इनिट’, मग ‘रेडी’ दिसायला हवं, आणि पंप स्वतःहून सुरू होता कामा नये. आता मुद्दाम ‘-आर’ लावून ‘सेट’ वर ‘ट्रू’ ठेवा आणि बोर्ड पुन्हा सुरू करा. तरीही पंप शांत राहिला तर तुमचा बंदोबस्त खरा. तो निरोप लगेच पुसा. सेन्सरची वायर काढा: पातळी गोठली का, ‘दोष’ बदलला का? ‘सेट’ वर ‘ऑन’, ‘१’ आणि काहीतरी निरर्थक पाठवा, काहीही व्हायला नको.

शेवटची चाचणी ब्रोकरची. पंप आपोआप मोडमध्ये चालू असताना रास्पबेरी पाय बंद करा आणि टाकी भरेपर्यंत थांबा. फ्लोट स्विचनं पंप तोडला, बोर्डानं ते करंटवरून ओळखलं, आणि रास्पबेरी पाय परत आल्यावर पहिल्याच फेरीत ‘चालू’ वर ‘फॉल्स’ आणि ‘पातळी’ वर १०० च्या आसपासचा आकडा आला, तर किल्ल्या सेक्रेटरींच्या हातात द्यायला हरकत नाही.